रंगगोळीचे यंत्र आणि त्याची शिस्त

ज्या यंत्राविषयी आज बोलावयाचे आहे त्याला ते बनविणारे लोक बंदूक म्हणत नाहीत. ते त्याला 'मार्कर' म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारे साधन. हे केवळ सौम्य नाव शोधण्याचे चातुर्य आहे असे कोणास वाटेल, परंतु तसे नाही. हे यंत्र जन्मले ते खरोखरीच खुणा करण्यासाठी. अमेरिकेतील विस्तीर्ण अरण्यांत कोणते झाड तोडावयाचे आणि कोणते राखावयाचे हे ठरविणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना प्रत्येक झाडापर्यंत चालत जावे लागू नये, ओढ्यापलीकडच्या किंवा झुडपांआडच्या झाडावर दुरूनच रंगाचा ठिपका उमटविता यावा, म्हणून १९७० च्या दशकात रंगाची गोळी फेकणारे हे पिस्तूल प्रचारात आले. गुराख्यांनीही त्याचा उपयोग कळपातील ठराविक जनावर ओळखण्यासाठी केला.

१९८१ च्या जून महिन्यात न्यू हॅम्पशायर राज्यातील एका रानात बारा जणांनी हे पिस्तूल हाती घेऊन एकमेकांचा पाठलाग केला आणि एक नवा खेळ जन्मास आला. रानात ठिकठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करावयाची आणि अंगावर रंग पडू न देता बाहेर यावयाचे, असा तो डाव होता. त्या पहिल्या सामन्यात जो जिंकला तो रानाची वाट जाणणारा माणूस होता, आणि त्याने एकही गोळी न झाडता सर्व निशाणे मिळविली असे सांगतात. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे यंत्र सुधारत गेले तसतसा गोळ्या झाडण्याचा वेग वाढला आणि त्याबरोबर सांभाळावयाच्या गोष्टीही वाढल्या.

आज आपल्या देशातही थंड हवेच्या ठिकाणी आणि मोठ्या शहरांच्या वेशीवर ह्या खेळाची मैदाने झाली आहेत. सुटीत मुले जातात, महाविद्यालयांतील तरुण जातात, कचेऱ्यांतील मंडळी सहलीस म्हणून जातात. त्यांच्या हाती जे यंत्र दिले जाते ते काही ठिकाणी साधे, स्प्रिंगवर चालणारे असते, तर काही ठिकाणी विजेच्या मंडलावर चालणारे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक असते. ह्या दुसऱ्या प्रकाराचे अंतरंग काय, ते कसे हाताळावे आणि कसे राखावे, हे आपण क्रमाने पाहू.

प्रथम गोळी पाहू. ती औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखीच जिलेटिनची असते, आणि तिच्यात पाण्याने धुऊन निघणारा रंगीत, दाट द्रव असतो. तिचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर, आणि वजन सुमारे तीन ग्रॅम. मैदानावर ती दर सेकंदास ३०० फुटांहून अधिक वेगाने जाऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. पुष्कळ मैदाने ही मर्यादा २८० फुटांवर ठेवतात. सेकंदाला ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. जलद गोलंदाजाच्या चेंडूच्या दुपटीहून अधिक वेग झाला! मात्र गोळी हलकी असल्यामुळे तिच्यातील ऊर्जा साडेबारा जूलच्या आसपास भरते. क्रिकेटचा चेंडू ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने, म्हणजे लहान मुलाने हळूच फेकावा तसा आला तर त्यात एवढीच ऊर्जा असते.

मग भय कशाचे? भय आकाराचे आहे. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरांहून रुंद असतो. तो डोळ्यावर आला तर भुवईचे हाड आणि गालाचे हाड त्याचा बराच भार झेलतात. निसर्गाने डोळा त्या दोन हाडांच्या खोबणीत ठेवला आहे तो ह्यासाठीच. परंतु सतरा मिलिमीटरांची गोळी त्या खोबणीत सहज शिरते. तिची सर्व ऊर्जा थेट बुबुळावर पडते. अशा आघाताने डोळ्यात रक्त उतरते, भिंग जागचे सरकते, पडदा फाटतो, आणि प्रसंगी डोळाच फुटतो. मांडीवर बसलेल्या गोळीने काळानिळा डाग पडतो आणि आठवड्यात जातो. डोळ्यावर बसलेल्या गोळीची भरपाई आयुष्यभर होत नाही. ह्या खेळातील जवळजवळ सारी शिस्त ह्या एका वस्तुस्थितीतून निघालेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता यंत्राकडे वळू. त्याचे चार भाग मनात वेगवेगळे ठेवावेत: हवा, वीज, गोळी आणि नळी. मागे किंवा खाली जोडलेले सिलिंडर हे हवेचे घर. वरच्या बाजूस, आपल्याकडील पाभरीवरच्या चाड्यासारखे, गोळ्या भरण्याचे पात्र असते. त्याला हॉपर म्हणतात. मुठीमध्ये बॅटरी आणि विद्युतमंडलाची पट्टी असते. आणि मधल्या धडात बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा दट्ट्या, आणि त्याच्या पुढे नळी.

सिलिंडरात हवा किती दाबाने कोंडलेली असते ह्याची कल्पना सामान्यतः नसते. मोटारीच्या चाकात दर चौरस इंचास तीस ते पस्तीस पौंड दाब असतो. ह्या सिलिंडरात तो ३००० किंवा ४५०० पौंड असतो. लिटरभराहून थोडे मोठे असे ते भांडे, पण त्यात बाहेरची सव्वातीनशे लिटरांच्या आसपास हवा दाबून बसविलेली असते. ४५०० पौंडांच्या दाबाखाली आतील प्रत्येक चौरस इंच जागेवर सुमारे वीस क्विंटलांचे ओझे पडलेले असते. सिलिंडराच्या तोंडाशी असलेला रेग्युलेटर हा दाब सुमारे ८०० पौंडांवर आणतो. यंत्रातील दुसरा रेग्युलेटर तो आणखी उतरवून दोनशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतो. धरणाचे पाणी कालव्यात, कालव्याचे पाटात आणि पाटाचे वाफ्यात यावे तशी ही उतरंड आहे.

चाप ओढल्यावर काय घडते? जुन्या, साध्या यंत्रात चाप ओढला की अडकवून ठेवलेली स्प्रिंग सुटे, हातोडी झडपेवर आदळे आणि वायू बाहेर पडे. तेथे बोटाला श्रम होते, आणि ते श्रम हीच एक प्रकारची सावधगिरी होती. इलेक्ट्रॉनिक यंत्रात चाप म्हणजे केवळ एक बटण. ते दबले की मंडलाला खूण मिळते. मंडल सोलेनॉइड नावाच्या छोट्या विद्युत्चुंबकात क्षणभर प्रवाह सोडते. तो चुंबक एक चिमुकली झडप उघडतो. त्या झडपेतून आलेली हवा बोल्टला पुढे ढकलते, गोळी नळीच्या तोंडाशी बसते, आणि मुख्य हवेचा झोत तिला बाहेर फेकतो. झडप किती काळ उघडी ठेवावयाची हे हजारांश सेकंदांत मोजले जाते. हे सारे होऊन बोल्ट परत जागेवर येतो आणि यंत्र पुढच्या गोळीस सज्ज होते. अशा सेकंदाला दहा-पंधरा गोळ्या सहज सुटू शकतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही रचना बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत स्पर्धांच्या मैदानांवर तिचे राज्य झाले.

ह्या रचनेत आणखी एक सोय आहे. गोळी जेथे येऊन थांबते तेथे एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूस तो ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. गोळी पूर्णपणे जागेवर आली की किरण अडतो; मगच मंडल झडप उघडण्यास अनुज्ञा देते. अर्धवट खाली आलेली गोळी बोल्टखाली चिरडू नये म्हणून ही योजना. खेळाडू तिला यंत्राचे 'डोळे' म्हणतात. मात्र हे डोळे गोळी पाहतात. समोर माणूस आहे की भिंत, त्याने मुखवटा घातला आहे की काढला आहे, हे ते पाहत नाहीत. पाहणे हे काम अखेर हाती धरणाऱ्याचेच राहते.

बटणाविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. कोणतेही यांत्रिक बटण दाबले असता त्याचे धातूचे स्पर्श एकदाच मिळून स्थिर राहत नाहीत. जमिनीवर टाकलेला चेंडू काही वेळा उसळून मग थांबतो, तसे ते काही हजारांश सेकंद थरथरतात. मंडल अतिशय चपळ असल्यामुळे ह्या प्रत्येक थरथरीला ते नवा इशारा समजू शकेल आणि एका दाबात दोन-तीन गोळ्या सुटतील. म्हणून पहिल्या इशाऱ्यानंतर काही क्षण येणारे इशारे दुर्लक्षावेत अशी योजना मंडलात केलेली असते. अधिक वेगाने गोळ्या सुटाव्यात ह्या हौसेने कित्येक जण हा काळ कमी करतात आणि चापाचा स्क्रूही इतका सैल करतात की नुसत्या धक्क्याने तो दबावा. असे यंत्र धन्याच्या इच्छेवर चालत नाही. चाप किती हलका असावा ह्याची एक सोपी कसोटी आहे: हॉपर काढलेले, आत गोळी नसलेले यंत्र हवा आणि वीज चालू ठेवून, 'डोळे' बंद करून हलकेच हलवावे, मुठीवर तळव्याने थोपटावे. चापाला बोट न लावता ते एकदाही सुटले, तर चाप पुन्हा घट्ट केल्यावाचून मैदानावर नेऊ नये.

आता यंत्र सज्ज करण्याचा क्रम. सर्वांत आधी मुखवटा डोळ्यांवर चढवावा. बाकी सारे नंतर. दुसरे म्हणजे नळीच्या तोंडावर कापडी टोपण घालून त्याची दोरी मागे अडकवावी. हे टोपण म्हणजे धूळ अडविणारी पिशवी नव्हे. चुकून सुटलेली गोळी आतल्या आत अडविण्यासाठी ते मजबूत कापडाचे केलेले असते, आणि दोरी असते ती गोळीच्या धक्क्याने ते उडून जाऊ नये म्हणून. पूर्वी नळीत रबरी बूच बसवीत. जोराच्या गोळीने ते निघून जाई, म्हणून आता टोपणच प्रशस्त मानतात. तिसरे म्हणजे सिलिंडर जोडून हवा सावकाश उघडावी. चौथे, वीज चालू करावी. पाचवे, मैदानाच्या हद्दीत गेल्यावरच गोळ्या भराव्यात. आणि सहावे, खेळाआधी वेगमापकासमोर दोन-चार गोळ्या झाडून वेग पाहावा.

वेग पाहणे ही केवळ रीत नव्हे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३०० फुटांवरून २८० वर आणला, तर तो सातच टक्क्यांनी उतरतो, पण आघात मात्र सुमारे तेरा टक्क्यांनी कमी होतो. उलट, वेग थोडा वाढला की आघात त्याच्या दुप्पट प्रमाणात वाढतो. शिवाय सकाळी मोजलेला वेग दुपारी तोच राहील असे नाही, आणि ह्याचे कारण विशेषतः आपल्या हवामानात नीट समजून घेतले पाहिजे.

कित्येक यंत्रांत साध्या हवेऐवजी कार्बन डायॉक्साइड वापरतात. हा वायू सिलिंडरात द्रवरूपाने असतो आणि द्रवावर तरंगणाऱ्या वाफेचा दाब सर्वस्वी उष्णतामानावर अवलंबून असतो. ० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५०० पौंड, २१ अंशांस सुमारे ८५० पौंड आणि ३० अंशांस १००० पौंडांच्या वर. पुढे ३१ अंशांस ह्या द्रवाची मर्यादाच संपते. त्यापलीकडे द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही, आणि सिलिंडर जितके अधिक भरलेले असेल तितका दाब झपाट्याने चढतो. म्हणून असे सिलिंडर काठोकाठ भरावयाचे नसते. वजन करून, ठरलेल्या प्रमाणातच भरावयाचे असते. थंड देशांतील पुस्तकांत ३१ अंश ही एक दूरची गोष्ट वाटते. आपल्याकडे वैशाखात सावलीतही ती ओलांडली जाते. विदर्भात तर उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत त्याहूनही वर. भरलेले सिलिंडर अशा मोटारीत विसरून जाणे हा निष्काळजीपणा होय.

इलेक्ट्रॉनिक यंत्राला कार्बन डायॉक्साइड आणखी एका कारणाने मानवत नाही. यंत्र वाकडेतिकडे धरले, किंवा गोळ्या भराभर झाडल्या, की वायूबरोबर थंड द्रवाचे थेंबही आत येतात. ते सोलेनॉइडच्या नाजूक झडपेतील रबर आखडवितात आणि दाब एकाएकी वाढवितात. म्हणून निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर अशा यंत्राला दाबलेली कोरडी हवाच द्यावी.

सिलिंडर भरणे हे जाणत्याचे काम. त्यातील एक नियम मात्र प्रत्येकाला ठाऊक असावा: हवा भरण्याच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते हा आपला अनुभव आहे. हवा एकाएकी दाबली गेली की ती तापते. येथे तर दाब काही क्षणांत तीनशे पटींपर्यंत जाऊ शकतो. त्या तापलेल्या हवेत तेलाचा अंश असला, तर डीझेलच्या एंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते त्याच न्यायाने तो पेटतो, आणि पेटतो तो एका बंद भांड्याच्या तोंडाशी. म्हणून तोंड कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावे आणि हवा संथपणे भरावी.

सिलिंडरावर त्याच्या चाचणीची तारीख कोरलेली किंवा चिकटविलेली असते. धातूचे असो की कार्बनतंतू गुंडाळलेले असो, ठराविक मुदतीने ते पाण्याने भरून नेहमीच्या दाबाहून अधिक दाबाखाली तपासावे लागते. पाणी घेतात ते अशासाठी की ते फारसे दाबले जात नाही. भांडे फुटलेच तर पाणी हवेसारखे उसळून तुकडे दूर फेकीत नाही. अमेरिकेत ही मुदत सामान्यतः पाच वर्षांची असते. आपल्याकडे दाबयुक्त वायूंच्या सिलिंडरांसाठी २०१६ चे नियम आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरासच आहे. मुदत उलटलेले, खोल ओरखडा पडलेले, आगीची झळ लागलेले सिलिंडर कितीही चांगले दिसले तरी भरू नये. सिलिंडराच्या मानेत एक पातळ चकती असते. दाब मर्यादेपलीकडे गेला तर सिलिंडराऐवजी ती फाटावी आणि हवा मोकळी व्हावी, अशी तिची योजना. ती वारंवार फाटते म्हणून तिच्या जागी भक्कम काही बसविणे म्हणजे कुकरच्या सुरक्षा-झडपेत खिळा ठोकणे होय.

सिलिंडर काढतानाचा एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून प्राणहानी झाली आहे. सिलिंडर आणि यंत्र ह्यांच्यामध्ये आट्यांचे दोन जोड असतात. एक, झडप आणि यंत्र ह्यांचा. दुसरा, झडप आणि सिलिंडर ह्यांचा. आपण सिलिंडर फिरवितो तेव्हा पहिला जोड सुटतो आहे असे आपण धरून चालतो. परंतु कोणी हौसेने झडप बदलली असेल आणि ती नीट बसविली नसेल, तर दुसराच जोड सुटू लागतो. शेवटचा आटा निघताच भरलेले सिलिंडर बाणासारखे सुटते. अमेरिकेत ह्या शतकाच्या पहिल्या दशकात असे प्राणघातक अपघात घडले. उपाय अगदी सोपा आहे. झडप आणि सिलिंडर जेथे मिळतात तेथे दोहोंवरून जाणारी एक उभी रेघ रंगाने किंवा नखांना लावावयाच्या लाखेने काढावी. सिलिंडर फिरविताना ती रेघ अखंड राहिली तर योग्य जोड सुटतो आहे. रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून सरकू लागले, तर तत्क्षणी हात थांबवावा, पुढे फिरवू नये, आणि यंत्र जाणत्या माणसाकडे द्यावे. दुसऱ्यावर खूण करणाऱ्या यंत्राच्या अंगावरची ही एक खूण माणसाचा जीव वाचविते.

खेळ संपला. आता यंत्र शांत करावयाचे. येथे सर्वांत मोठा गैरसमज असा की वीज बंद केली म्हणजे काम झाले. वीज बंद केल्याने फक्त चाप मुका होतो; आत कोंडलेली हवा तशीच राहते आणि नळीच्या तोंडाशी आलेली गोळीही तशीच राहते. उलट, वीज आधी बंद केली तर सोलेनॉइड उघडणार कसा आणि आतील हवा बाहेर पडणार कोठून? म्हणून क्रम असा आहे. मुखवटा डोळ्यांवरच असावा. टोपण नळीवर चढवावे. गोळ्यांचे पात्र काढून घ्यावे. त्यानंतर सिलिंडराची कळ बंद करावी. मग ठरवून दिलेल्या जागी, यंत्र जमिनीकडे रोखून, चाप पुनःपुन्हा ओढावा, आतील हवा पूर्ण संपेपर्यंत. यंत्राचे 'डोळे' चालू असतील तर गोळी नसताना ते सुटणार नाही; म्हणून ह्या वेळी ते बंद करावे लागतात. चाप ओढूनही काही होईनासे झाले, दाबमापकाचा काटा शून्यावर आला, की वीज बंद करावी, आणि शेवटी नळी काढून आत गोळी नाही हे प्रत्यक्ष पाहावे. अंदाजाने ठरवू नये. ह्यानंतरच मुखवटा काढावा, ह्यानंतरच यंत्र खोलावे.

यंत्राची निगा फार कठीण नाही, पण ती नियमाने झाली पाहिजे. गोळी आत फुटली तर रंग लवकर पुसून काढावा, कारण वाळल्यावर तो चिकट होतो, बोल्ट अडखळू लागतो आणि यंत्राचे 'डोळे' आंधळे होतात. नळी ओलसर फडक्याने साफ करावी. मात्र मंडलाला, बॅटरीला आणि सोलेनॉइडला पाणी लागू देऊ नये. हवा जेथे जेथे अडवावयाची तेथे तेथे रबराची किंवा पॉलियुरेथेनची बारीक कडी असते. तिला ओ-रिंग म्हणतात. ह्या यंत्राचे आयुष्य खरे पाहता ह्या दोन-चार रुपयांच्या कड्यांवर तोललेले आहे. एखादी चिरली की हवेची बारीक शिट्टी ऐकू येते, वेग कमीजास्त होऊ लागतो. कडी बदलावी ती त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची. तिला निर्मात्याने सांगितलेलेच वंगण लावावे. घरात हाताशी असलेले शिवणयंत्राचे तेल किंवा डब्यातून फवारण्याची तेले काही जातींच्या रबराला फुगवितात आणि मऊ करतात.

बॅटरी अशक्त झाली की सोलेनॉइड पुरता उघडत नाही. गोळ्या कधी जोराने, कधी मंद जातात आणि माणूस विनाकारण दाब वाढवीत बसतो. म्हणून दोष शोधताना आधी बॅटरी बदलून पाहावी, मग स्क्रूला हात घालावा. यंत्र महिनोन् महिने ठेवून द्यावयाचे असेल तर बॅटरी काढून ठेवावी. ती पाझरली की मंडलाची पट्टी खाऊन टाकते.

गोळ्यांनाही निगा हवी. जिलेटिन दमट हवेत ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गोळ्या फुगतात, परस्परांना चिकटतात आणि नळीत अडकतात. फार थंडीत त्या ठिसूळ होतात. त्या बंद पिशवीत, कोरड्या आणि माफक गार जागी ठेवाव्यात. जमिनीवर पडलेली गोळी पुन्हा भरू नये; तिला चिकटलेला खडा नळी खरवडतो आणि समोरच्याला जखम करतो. गोळ्या गोठवून कठीण करण्याचा प्रकार कोणी थट्टेनेही करू नये. जी गोळी फुटण्यासाठी केली ती फुटली नाही, तर तिची सारी ऊर्जा अंगातच जिरते.

शेवटी मुखवट्याविषयी. त्याची काच ही काच नव्हे. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या चिवट प्लास्टिकची असते. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी दोन रसायनशास्त्रज्ञांना हे द्रव्य स्वतंत्रपणे सापडले, आणि आज कितीतरी माणसांचे डोळे त्याने राखले आहेत. परंतु अमोनिया असलेल्या खिडक्या पुसण्याच्या द्रवाने त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. म्हणून ते साध्या पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसावे, आणि चरा पडल्यास किंवा जवळून सणसणीत गोळी बसल्यास बदलावे. नेहमीचा चष्मा, उन्हाचा चष्मा, पोहण्याचा चष्मा ह्यांपैकी काहीही ह्या खेळाला चालत नाही. कान आणि तोंडही झाकणारा, ह्याच खेळासाठी केलेला मुखवटा हवा.

आणि मुखवटा काढला जातो तो बहुधा बेपर्वाईने नव्हे, तर वाफेने. धावपळीत घाम येतो, आतून वाफ धरते, समोरचे दिसेनासे होते, आणि माणूस क्षणभरच म्हणून तो वर उचलतो. मुंबईसारख्या दमट हवेत तर हे हटकून घडते. दुहेरी काचेचा मुखवटा घेतला तर वाफ पुष्कळ कमी धरते. तरीही धरलीच, तर हात वर करावा, खेळ सोडावा, जाळीबाहेर यावे आणि मगच मुखवटा उचलावा. जाळीच्या आत, सामना थांबलेला असला, समोर कोणी नसले, तरीही नाही. ह्या खेळातील डोळ्यांच्या गंभीर इजांचे वैद्यांनी जे अहवाल लिहिले आहेत त्यांत वारंवार एकच गोष्ट आढळते: त्या क्षणी डोळ्यांवर काहीच नव्हते. कित्येकदा ती इजा मैदानावर झालेलीच नसते. ती घराच्या अंगणात, सहज चाप ओढून पाहताना झालेली असते.

मुलांना अशा मैदानावर नेणाऱ्या आईबापांनी तिकीट घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आज यंत्रांचा वेग कोणी आणि केव्हा मोजला? सिलिंडरावरील चाचणीची तारीख दाखवाल का? आणि मुलाने जाळीच्या आत मुखवटा काढला तर खेळ कोण थांबवितो? जेथे ह्या प्रश्नांची उत्तरे विनासंकोच मिळतात, तेथे मुलांना खुशाल खेळू द्यावे. रंगात माखून, दमून, हसत ती परत येतील. जेथे ह्या प्रश्नांचा राग येतो, तेथून मुलांना घेऊन खुशाल माघारी वळावे.